दहा बिटांपुरतं एकमत

११.०५९२. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री केलेल्या कुणालाही हा आकडा सांगून बघा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ८०५१ चा बोर्ड येईल आणि त्यावर उभी असलेली पत्र्याची ती छोटी चपटी डबी. तिच्यावर कोरलेलं असतं: ११.०५९२ मेगाहर्ट्झ. प्रोजेक्टच्या दिवसांत पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेल्या मुलांच्या यादीत हा क्रिस्टल हमखास असायचा.

आकडा पाठ असतो, पण तो असा विचित्र का, हे फार कमी जणांना सांगितलं जातं. सरळ १२ का नाही? बाराने भागायला सोपं, लक्षात ठेवायला सोपं. उत्तर शोधत गेलं की आपण ८०५१ च्या पलीकडे, कॉम्प्युटरच्याही पलीकडे, तारायंत्राच्या काळात जाऊन पोचतो. कारण प्रश्न तेव्हाचाच आहे. दोन यंत्रं लांब आहेत, त्यांच्यामध्ये एकच तार आहे आणि दोघांची घड्याळं वेगवेगळी आहेत. मग एकाने पाठवलेला ठोका दुसऱ्याने नेमका कधी मोजायचा?

ताल सांभाळणारे कारकून

एमिल बोदो हा फ्रान्सच्या तार खात्यातला माणूस. १८७४ मध्ये त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. मोर्सच्या पद्धतीत कुठलं अक्षर छोटं, कुठलं लांब. बोदोने प्रत्येक अक्षराला सारखेच पाच ठोके दिले. कारकुनापुढे पाच पट्ट्या असत, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. एकाच तारेवर अनेक कारकून पाळीपाळीने काम करत. एक फिरता ब्रश तार एकेकाच्या ताब्यात क्षणभर द्यायचा आणि पुढे सरकायचा.

यात गोम अशी, की दोन्ही टोकांचे ब्रश एकाच वेगाने आणि एकाच वेळी फिरत राहायला हवेत. दिवसभर. शिवाय कारकुनाने आपली पाळी चुकवायची नाही. यंत्र 'टक्' असा आवाज करी, त्या तालावर बोटं पडली पाहिजेत, साधारण मिनिटाला १८० अक्षरं. म्हणजे घड्याळं जुळवण्याचं अर्धं ओझं माणसाच्या अंगावर होतं. माणूसच यंत्राच्या तालात बसवला होता. आज आपण डेटाच्या वेगासाठी 'बॉड' हे एकक वापरतो, ते याच बोदोच्या नावावरून आलं.

मिठाच्या व्यापाऱ्याचा पैसा

१९०२ मध्ये शिकागोत फ्रँक पर्न नावाचा एक तरुण इंजिनिअर छापणाऱ्या तारायंत्राची कल्पना घेऊन पैसे शोधत होता. जॉय मॉर्टन या मिठाच्या मोठ्या व्यापाऱ्याने त्याला पाठबळ दिलं. पर्न वर्षभरात कंटाळून निघून गेला. काम पुढे चालवलं चार्ल्स क्रम याने. तो शीतगृहाच्या धंद्यातला मेकॅनिकल इंजिनिअर होता. पुढे त्याचा मुलगा हॉवर्ड येऊन मिळाला. मॉर्टन आणि क्रम या दोन नावांची मिळून कंपनी झाली, मॉर्क्रम. तिचंच पुढे १९२८ मध्ये टेलिटाइप झालं.

क्रम बापलेकांपुढे बोदोचाच प्रश्न होता: दोन मोटरी दिवसभर एका वेगाने कशा फिरवायच्या? त्यांनी प्रश्नच बदलला. दिवसभर फिरवायच्याच कशाला? घेणाऱ्या यंत्रातला दांडा एरवी खिट्टीने अडवून ठेवायचा. मोटर फिरत राहील, पण दांडा थांबलेला. तारेवरून अक्षर येण्याआधी एक सूचक ठोका येईल, 'सुरू'. त्याने खिट्टी सुटेल, दांडा एक फेरी मारेल आणि त्या फेरीत अक्षराचे ठोके वाचेल. शेवटी 'थांब' असा ठोका येईल आणि दांडा पुन्हा खिट्टीला अडकेल. पुढचं अक्षर एका सेकंदाने येवो नाहीतर एका तासाने, यंत्राचं काही बिघडत नाही.

याला स्टार्ट-स्टॉप पद्धत म्हणतात. पेटंटसाठी अर्ज १९१० चा, पेटंट हाती आलं १९१८ मध्ये. कल्पना किती मोठी होती ते शांतपणे बघायला हवं. दोन घड्याळं कायमची जुळवण्याचा हट्ट त्यांनी सोडून दिला आणि ती फक्त एका अक्षरापुरती जुळली तरी पुरे, असं ठरवलं. गायक आणि तबलजी प्रत्येक मात्रेला एकमेकांकडे बघत नाहीत. समेवर भेटतात. मधल्या आवर्तनात लय केसभर इकडेतिकडे झाली तरी पुढची सम सगळं सावरून घेते. क्रम यांचा 'सुरू'चा ठोका म्हणजे समच.

तरी मोटरींचे वेग ढोबळमानाने जुळावेच लागत. त्यासाठी तंत्रज्ञाकडे एक नादकाटा असे. काट्याच्या टोकांना बारीक फटीच्या पट्ट्या लावलेल्या. काटा वाजवायचा आणि त्या थरथरत्या फटीतून मोटरीवर रंगवलेले काळे-पांढरे पट्टे बघायचे. पट्टे स्थिर दिसले की वेग बरोबर. पुढे किंवा मागे सरकताना दिसले, की स्क्रू पिळायचा.

साडेनऊचं गणित

शंभर वर्षांनंतरही तुमच्या अर्डुइनोच्या दोन पायांवर, जीपीएसच्या मॉड्यूलमध्ये, मोबाइल नेटवर्कच्या मॉड्यूलमध्ये हीच पद्धत चालते. एरवी तार 'एक'वर असते. ती 'शून्य'वर आली की तो स्टार्ट बिट. मग आठ बिट मजकुराचे आणि शेवटी स्टॉप बिट. एकूण दहा. खिट्टीचं काम आता यूएआरटी नावाचं सर्किट करतं. वेस्टर्न डिजिटलने १९७१ च्या सुमारास ते पहिल्यांदा एका चिपमध्ये बसवलं.

घड्याळ किती चुकलं तर चालेल, हे कागदावर मांडता येतं. घेणारा स्टार्ट बिटाच्या कडेपासून वेळ मोजतो आणि प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर वाचतो. शेवटचा, म्हणजे स्टॉप बिटाचा मध्य साडेनऊ बिटांवर येतो. तिथे पोचेपर्यंत चूक साचत साचत अर्ध्या बिटाच्या आत राहिली पाहिजे. नाहीतर शेजारचाच बिट वाचला जाईल. अर्धा भागिले साडेनऊ, म्हणजे सुमारे सव्वापाच टक्के. ही दोन्ही बाजूंची मिळून मर्यादा. कड नेमकी ओळखण्यातही थोडी चूक होते, तारेवर सिग्नलही थोडा विरघळतो. त्यामुळे शहाणे लोक प्रत्येक बाजूला दोन टक्क्यांच्या आत ठेवतात.

दोन टक्के ही काय चीज आहे? मनगटावरचं घड्याळ दोन टक्क्यांनी चुकलं तर दिवसाला जवळपास २९ मिनिटं मागे पडेल. ते आपण फेकून देऊ. पण तेवढ्याच चुकार घड्याळावर दोन चिपा दिवसभर न अडखळता बोलतात. कारण त्यांना दिवस मोजायचा नसतोच. त्यांना दहा बिट मोजायचे असतात.

गारगोटीचा तुकडा

आता पुन्हा त्या पत्र्याच्या डबीकडे. आत असते क्वार्ट्झची पातळ चकती, म्हणजे आपली गारगोटीच, फक्त शुद्ध आणि नेमक्या कोनात कापलेली. क्वार्ट्झवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर या क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही खरं: वीज दिली की स्फटिक आकसतो, ताणला जातो. वॉल्टर केडीने १९२१ मध्ये या गुणावर चालणारा ऑसिलेटर केला. १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉरन मॅरिसनने जे. डब्ल्यू. हॉर्टन यांच्यासोबत क्वार्ट्झचं घड्याळ बनवलं. स्फटिकाची कंपनसंख्या त्याच्या आकारमानावर आणि कापावर ठरते, आणि ती सहसा हलत नाही. साधा, स्वस्त क्रिस्टल दहा लाखांत पन्नास भाग चुकतो असं धरलं, तर दिवसाला चार-पाच सेकंद. दोन टक्क्यांची मुभा असलेल्या कामासाठी ही चैनच.

मग ११.०५९२ च का? ८०५१ ही इंटेलची १९८० ची चिप. तिचा टायमर क्रिस्टलच्या ठोक्यांना आधी १२ ने भागतो, मग सिरियलसाठी ३२ ने, आणि मग तुम्ही द्याल त्या पूर्ण संख्येने. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने आणि ३२ ने भागलं की नेमके २८,८०० येतात. त्याला ३ ने भागा: ९६००. बाकी शून्य. आता १२ मेगाहर्ट्झ घ्या. त्याचे ३१,२५० होतात. ३ ने भागले तर १०,४१७, साडेआठ टक्के जास्त. ४ ने भागले तर ७,८१३, फारच कमी. मधली संख्या नाही. म्हणजे १२ चा क्रिस्टल अगदी निर्दोष असला तरी ९६०० वर कचराच छापणार. घड्याळ बरोबर आहे, पण त्याचा भागाकार जमत नाही.

हा वेडावाकडा आकडा एकटा नाही, त्याचं कुटुंब आहे. १,१५,२०० ला १६ ने गुणा, १.८४३२ मेगाहर्ट्झ येतात. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीतल्या सिरियल चिपला हाच ठोका मिळत असे. त्याच्या दुप्पट ३.६८६४, चौपट ७.३७२८, सहापट ११.०५९२. आपल्या प्रयोगशाळेतला तो आकडा म्हणजे तारायंत्राच्या वेगांची पाढ्यातली एक ओळ.

चिपच्या पोटातलं घटिकापात्र

१९९० च्या दशकात बाजार वेगळीकडे वळला. मायक्रोकंट्रोलर टोस्टरमध्ये, चार्जरमध्ये, खेळण्यांत शिरू लागला. मायक्रोचिप कंपनीने आठ पायांचा पीआयसी १२सी५०८ आणला. आठातले दोन पाय विजेला गेले, उरले सहा. क्रिस्टल लावला तर आणखी दोन गेले. ज्या चिपकडे मुळात सहाच पाय आहेत तिने दोन पाय घड्याळाला द्यायचे, वर क्रिस्टल आणि दोन कॅपॅसिटर यांचा खर्च, बोर्डावरची जागा. लाखोंनी बनणाऱ्या वस्तूत हे परवडत नाही. म्हणून घड्याळ चिपच्या आतच आलं.

पण सिलिकॉनच्या आत गारगोटी नाही. तिथे आहेत रेझिस्टर आणि कॅपॅसिटर. जुन्या काळी लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडत, तिच्या तळाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत येई, भरली की वाटी बुडे, म्हणजे २४ मिनिटं झाली. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथलाच. चिपमधला आरसी ऑसिलेटर हे घटिकापात्रच आहे. कॅपॅसिटर ही वाटी, रेझिस्टर हे भोक. वीज भरते, ठरलेल्या पातळीला आली की वाटी रिकामी केली जाते, पुन्हा भरू लागते. सेकंदाला लाखो वेळा.

घटिकापात्राचे दोषही तसेच वारशाने आले. भोक केसभर मोठं पडलं की घटका लवकर भरते. कारखान्यात एका तबकडीवरचे रेझिस्टर दुसऱ्या तबकडीवरच्यांशी तंतोतंत जुळत नाहीत. तापमान बदललं की वेग बदलतो, बॅटरी उतरली की बदलतो. अर्डुइनोतल्या ॲटमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये आतल्या ८ मेगाहर्ट्झ घड्याळाची कारखान्यातली अचूकता लिहिली आहे: अधिक-उणे दहा टक्के. मनगटावरच्या हिशोबाने दिवसाला दोन तास चोवीस मिनिटं. प्रत्यक्षात बऱ्याच चिपा याहून पुष्कळ बऱ्या निघतात. पण कंपनी हमी देते ती एवढीच, आणि वस्तू विकणाऱ्याला हमीवर चालावं लागतं.

खिडकीतून पुसला गेलेला आकडा

उपाय जुनाच: नादकाट्यासमोर धरून स्क्रू पिळणं. फक्त स्क्रू आता एक आकडा झाला. प्रत्येक चिप कारखान्यात मोजायची, तिचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते बघायचं आणि दुरुस्तीचा आकडा तिच्याच स्मृतीत लिहून ठेवायचा. पीआयसी १२सी५०८ मध्ये हा आकडा स्मृतीच्या अगदी शेवटच्या घरात असे. चिप सुरू होताना पहिली सूचना तिथूनच वाचे आणि मग शून्यावर येऊन तुमचा प्रोग्रॅम चालू करी.

या चिपचा एक प्रकार प्रयोगासाठी मिळायचा. त्याला काचेची खिडकी होती. अतिनील दिव्याखाली ठेवला की स्मृती पुसली जाऊन पुन्हा लिहिता येई. पण दिवा भेदभाव करत नाही. प्रोग्रॅमबरोबर तो दुरुस्तीचा आकडाही पुसला जायचा. डेटाशीटमध्ये इशारा होता: पुसण्याआधी आकडा जपून ठेवा. ज्याने तो वाचला नाही त्याच्या हातात चांगली चालणारी, पण आपला स्वभाव विसरलेली चिप राहायची.

एव्हीआर चिपांत हाच आकडा ऑसकॅल नावाच्या रजिस्टरमध्ये येतो आणि तो प्रोग्रॅममधून बदलता येतो. तुम्ही स्वतः मोजून बसवलात तर एक टक्क्यापर्यंत जाता येतं, असं तीच डेटाशीट सांगते. मोजायचं कशाशी? ॲटमेलने आपल्या बटरफ्लाय या प्रात्यक्षिकाच्या बोर्डावर मनगटी घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल ठेवला होता आणि सुरू होताना आतलं घड्याळ त्याच्याशी ताडून घेतलं जाई. घड्याळातला हा क्रिस्टल उघडून बघितला तर आतला क्वार्ट्झ दोन टोकांचा, नादकाट्याच्याच आकाराचा असतो.

घड्याळ उसनं घ्या

यानंतरची कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. स्वतःकडे चांगलं घड्याळ नसेल, तर जो बोलतोय त्याच्या बोलण्यातूनच घ्यायचं.

मोडेमला देण्याच्या आज्ञा 'एटी' या अक्षरांनी सुरू होतात, हेस कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून. ही नुसती लकब नाही. 'ए'चे बिट तारेवर उतरतात तेव्हा स्टार्ट बिटाचं शून्य आणि त्याला लागूनच एक येतं. म्हणजे नेमका एका बिटाच्या रुंदीचा खड्डा. तो मोजला की बोलणाऱ्याचा वेग कळला. रोमन 'यू' तर याहून सोयीचा. त्याचे बिट एक-शून्य-एक-शून्य असे आलटून पालटून येतात, जणू मोजपट्टीच.

मोटारगाड्यांच्या कंपन्यांनी १९९० च्या दशकाअखेर 'लिन' नावाची स्वस्त संदेशपद्धत ठरवली. काच वर-खाली करणं, आरसा फिरवणं असल्या कामांसाठी. तिथे प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला हाच 'यू'चा बाइट पाठवायचा असा नियम आहे. प्रमुख चिपकडे चांगलं घड्याळ असतं. हाताखालच्या चिपांचं घड्याळ सुरुवातीला सुमारे १४ टक्क्यांपर्यंत चुकलेलं चालतं. तो बाइट ऐकून त्या स्वतःला दोन टक्क्यांच्या आत आणतात, आणि मगच पुढचं वाचतात.

यूएसबीची शिस्त कडक. मंद वेगाला दीड टक्का, पूर्ण वेगाला पाव टक्का. तरी ऑस्ट्रियातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंटच्या लोकांनी एका छोट्या आठ पायांच्या एव्हीआर चिपवर क्रिस्टलशिवाय यूएसबी चालवून दाखवलं. कॉम्प्युटर दर मिलिसेकंदाला एक खूण पाठवतो. दोन खुणांमधलं अंतर मोजायचं आणि ऑसकॅल हलवत हलवत आपलं घड्याळ त्याच्याशी जुळवायचं. पुढे चिप बनवणाऱ्यांनी ही युक्ती थेट सिलिकॉनमध्येच बसवली. आज अनेक मायक्रोकंट्रोलर क्रिस्टलशिवाय यूएसबी बोलतात.

दोघं मिळून चुकले तर

अर्डुइनो उनोची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १६ मेगाहर्ट्झमधून १,१५,२०० नेमके निघत नाहीत. जवळचा आकडा १,१७,६४७, म्हणजे २.१ टक्के जास्त. पण त्याच बोर्डावर यूएसबी सांभाळणारी दुसरी चिपही १६ मेगाहर्ट्झवरच चालते आणि तीही तेवढीच चुकते. दोघांची चूक सारखी, म्हणून त्यांचं एकमेकांशी उत्तम जमतं. भांडण होतं ते तिसरा, बरोबर घड्याळाचा माणूस आला की. त्या तिसऱ्याचं आतलं घड्याळ दोन टक्के मंद निघालं तर फरक चार टक्क्यांवर जातो, आणि सव्वापाचच्या कड्यावर उभं राहून संभाषण सुरू होतं.

अशी संभाषणं कुठे मोडतात ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडे शेतावरच्या पंपाला मोबाइल स्टार्टर लावतात, कारण वीज रात्री येते आणि प्रत्येक वेळी अंधारात विहिरीवर जाणं धोक्याचं असतं. त्या डब्यात साधारणपणे एक मायक्रोकंट्रोलर आणि एक मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल असतं. दोघं सिरियलने बोलतात. मायक्रोकंट्रोलर आतल्या घटिकापात्रावर चालत असेल आणि कुणी ते टेबलावर, पंख्याखाली, एकदाच तपासून बंद केलं असेल, तर मे महिन्यात पत्र्याच्या तापलेल्या डब्यात त्याची घटका वेगळी भरते. प्रोग्रॅम बरोबर, जोडणी बरोबर, तरी 'पंप बंद' ही आज्ञा अधूनमधून कचरा होऊन पोचते. ही चूक रोज येत नाही. म्हणूनच ती सापडत नाही, आणि 'नेटवर्क खराब' म्हणून खपते. वाचवलेल्या क्रिस्टलची किंमत मग रात्री विहिरीवर जाणारा माणूस भरतो.

उपाय महाग नाहीत. वेग कमी केल्याने टक्केवारीचा दोष जात नाही, पण भागाकार नीट जमणारा वेग निवडता येतो. ८ मेगाहर्ट्झवर १,१५,२०० मागितले तर निर्दोष घड्याळही साडेतीन टक्के चुकतं. ३८,४०० मागा, चूक पाव टक्क्याच्याही आत. समोरच्याचा एखादा बिट मोजून स्वतःला अधूनमधून जुळवून घेता येतं. संदेशाच्या शेवटी तपासणीचा बाइट जोडता येतो, म्हणजे बिघडलेला संदेश निदान ओळखू येतो. आणि जिथे चूक परवडत नाही तिथे गारगोटीचा तुकडा लावता येतो.

क्रम बापलेकांनी दाखवलेला रस्ता अजून तोच आहे. घड्याळं चुकणारच, हे त्यांनी आधी मान्य केलं आणि मग चुकलेल्यांना पुन्हा पुन्हा एकत्र आणणारी जागा बांधली. त्या जागेची रुंदी मात्र ठरलेली आहे, सव्वापाच टक्के, दोघांत मिळून. तिच्यातला आपला वाटा किती आणि समोरच्याचा किती, एवढं डबा बंद करण्याआधी मोजलेलं असलं पाहिजे.